आजारपणातले 'ड' जीवनसत्त्व

श्वसनमार्गाचा विषाणुजन्य संसर्ग झालेल्या रुग्णाच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व कमी आढळणे ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे. साधा फ्लू असो, तान्ह्या मुलांना धाप लावणारा आरएसव्ही असो की 2020 नंतरचा कोव्हिड, रुग्णालयात दाखल झालेल्यांचे रक्त तपासले की अनेकांचा आकडा कमी निघतो. ज्यांचा आजार गंभीर, त्यांचा तर बहुधा आणखी कमी. या निरीक्षणाबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याच्या अर्थाबद्दल. कमतरता होती म्हणून आजार बळावला, की आजार बळावला म्हणून आकडा घसरला, की दोन्हींमागे तिसरेच काही कारण आहे? यातले कोणते उत्तर खरे मानायचे यावर खाटेवरच्या रुग्णाला 'ड' जीवनसत्त्वाची मोठी मात्रा द्यायची की नाही हे ठरते. म्हणून हा प्रश्न केवळ संशोधकांपुरता उरत नाही.

'ड' जीवनसत्त्व हे नावाने जीवनसत्त्व असले तरी वागणुकीने संप्रेरक आहे. इतर जीवनसत्त्वे अन्नातून घ्यावी लागतात. हे मात्र शरीर स्वतः बनवते, त्वचेवर ऊन पडले तर. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी 'ब' प्रकारचे किरण त्वचेतल्या कोलेस्टेरॉलच्या एका पूर्वरूपावर पडतात आणि त्यापासून 'ड3' तयार होते. ते पुढे यकृतात जाऊन एकदा बदलते आणि मूत्रपिंडात दुसऱ्यांदा. दुसऱ्या बदलानंतरचे रूप खरे काम करणारे. आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणे आणि हाडे भक्कम ठेवणे हे त्याचे मुख्य काम. प्रयोगशाळा मात्र यकृतातून बाहेर पडलेले मधले रूप मोजते, कारण ते रक्तात दोन-तीन आठवडे टिकते आणि शरीरातल्या साठ्याचा अंदाज त्यावरून येतो.

हा अंदाज नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहिलेला असतो. रिपोर्टवर बहुतेक वेळा 20 च्या खाली 'कमतरता', 20 ते 30 'अपुरे' आणि 30 च्या वर 'पुरेसे' अशी वाटणी छापलेली दिसते. ही वाटणी देववाणी नव्हे. 2011 साली अमेरिकेतल्या दोन जाणत्या संस्थांनी एकाच वर्षी दोन वेगळ्या रेषा आखल्या. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हाडांसाठी 20 पुरे म्हटले, तर एंडोक्राइन सोसायटीने 30 चा आग्रह धरला. 2024 मध्ये एंडोक्राइन सोसायटीनेच आपला 30 चा आग्रह मागे घेतला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असा सल्ला दिला. एवढे मात्र सर्वांना मान्य आहे की आकडा 10-12 च्याही खाली गेला तर ती खरी, उपचार मागणारी कमतरता असते. रिपोर्टवर 24 हा आकडा लाल शाईत पाहून घाबरणारा माणूस आणि 6 असा आकडा आलेली अंथरुणाला खिळलेली आजी, या दोघांना एकाच लाल शाईत बसवणे ही छापील रिपोर्टची मोठी उणीव आहे.

हाडांच्या या जीवनसत्त्वाचा फुप्फुसाशी संबंध काय? शरीराच्या प्रतिकार करणाऱ्या पेशींमध्ये 'ड' जीवनसत्त्वाचे संदेश घेणारे ग्राहक असतात आणि मूत्रपिंडातला शेवटचा बदल यांपैकी काही पेशी स्वतःच घडवून आणू शकतात. 2006 साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवले की क्षयाचा जंतू ओळखल्यावर भक्षक पेशी 'ड' जीवनसत्त्वाच्या मदतीने कॅथेलिसिडिन नावाचे जंतुनाशक प्रथिन तयार करतात. पेशींभोवतीच्या द्रावात 'ड' कमी असेल तर हे प्रथिनही कमी बनते. पुढे प्रयोगशाळेत हे प्रथिन काही विषाणूंनाही आवर घालताना दिसले. शिवाय 'ड' जीवनसत्त्व दाह भडकवणारे काही संदेश शमवते, आणि श्वसनाच्या गंभीर विषाणुजन्य आजारात अनेकदा विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचा दाहच जास्त नुकसान करतो. कागदावर हे सगळे नेमके जुळते. काचेच्या बशीत जुळलेले माणसात जुळतेच असे नाही, हे मात्र वैद्यकाने अनेकदा अनुभवले आहे.

या जीवनसत्त्वाचा शोध मुडदूस या लहान मुलांच्या आजारातून लागला. मुडदुसात हाडे मऊ राहतात, पाय धनुकलीसारखे वाकतात, मनगटे रुंद होतात, फासळ्यांच्या टोकांना गाठी येतात. 1919 मध्ये लंडनला एडवर्ड मेलनबी यांनी घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिल्लांना हा आजार आणून कॉड माशाच्या तेलाने तो बरा केला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली ठेवून मुले बरी केली. एकाने तेल दिले, दुसऱ्याने उजेड, आणि औषध एकच निघाले. हे कोडे सुटायला आणखी काही वर्षे लागली. या वर्गातल्या द्रव्यांच्या रचनेवरील कामाबद्दल जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ विंडाउस यांना 1928 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेतले एक पान नाशिकचे आहे आणि महाराष्ट्रात ते फारसे कोणाला ठाऊक नाही. हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी मुंबई इलाख्यात नाशिक भागातल्या मुलांचा आणि स्त्रियांचा अभ्यास करून 1922 मध्ये तो इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापला. त्यांना अपेक्षेच्या उलट चित्र दिसले. निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या, पण दिवसभर शेतात-उन्हात असलेल्या गरीब घरांत मुडदूस नव्हता. तो होता खाऊन-पिऊन सुखी असलेल्या, पण पडद्याची चाल पाळणाऱ्या घरांत. तिथे आई आणि तान्हे मूल दोघेही महिनोन्महिने आतल्या खोलीत असत. त्याच घरांतल्या स्त्रियांची हाडेही मऊ पडत, कंबरेची हाडे वाकून बाळंतपण अवघड होई. अन्न चांगले असूनही आजार, आणि अन्न वाईट असूनही आजार नाही, असे म्हटल्यावर उरते ते ऊन. भारतासारख्या प्रखर उन्हाच्या देशात 'ड' जीवनसत्त्व कमी कसे, या आजच्या आश्चर्याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी नाशिकला मिळून गेले होते. देशातले ऊन आणि अंगावरचे ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हेच वडोदऱ्याच्या दांडिया बाजाराला लागू करून पाहता येते. गायकवाडांच्या राज्यात कारकुनी, शिक्षकी, पौरोहित्य आणि दरबारी चाकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे सूरसागर तलावाच्या शेजारच्या या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. जुन्या वाड्यांना चौक होते, गच्च्या होत्या. चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे घालायचे आणि कावळे राखत बसायचे, हे घरातल्या बायकांचे आणि पोरांचे ठरलेले काम होते. वाड्यांच्या जागी बहुमजली इमारती आल्या, गच्ची सामाईक झाली किंवा तिला कुलूप लागले आणि वाळवण दुकानातून येऊ लागले. व्यायामाची परंपराही इथे मोठी. 1880 मध्ये स्थापन झालेले आणि प्रोफेसर माणिकरावांच्या नावाने गाजलेले जुम्मादादा व्यायाम मंदिर याच भागातले. पण छपराखाली काढलेल्या जोर-बैठकांनी स्नायू कमावले जातात, 'ड' जीवनसत्त्व नाही.

वडोदरा उत्तर अक्षांश 22.3 वर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेला. जूनच्या सुरुवातीला आणि जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. शहर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरेच पश्चिमेला असल्यामुळे इथली खरी माध्यान्ह घड्याळात 12 वाजता नव्हे, तर सरासरीने साडेबाराच्या पुढे, 12 वाजून 35-40 मिनिटांनी होते. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण 'ब' किरण वातावरणातल्या ओझोनमध्ये अडकतात आणि सूर्य जितका खाली तितका त्यांना जास्त ओझोन ओलांडावा लागतो. यासाठी एक सोपी खूण सांगितली जाते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच त्वचेत 'ड' चांगले बनते. वडोदऱ्यात मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या सुमारालाच सावली उंचीपेक्षा आखूड होते. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र भर माध्यान्हीही ती माणसाच्या उंचीहून किंचित लांबच राहते. पुण्यात किंवा गोव्यात सूर्य याच दिवसांत थोडा अधिक वर असतो, पण फार फरक नाही.

घरोघरी तान्ह्या बाळाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची पद्धत आहे. बाळाला ऊब मिळते, आईला मोकळी हवा मिळते, कावीळ कळते, हे सारे खरे. सात-साडेसातच्या त्या उन्हात 'ब' किरण मात्र जवळजवळ नसतातच. बंद खिडकीच्या काचेतून आत आलेल्या उन्हाचीही तीच गत. काच उष्णता आत सोडते आणि नेमके हवे ते किरण बाहेर ठेवते. बरे, भर दुपारी बाहेर बसा म्हणावे तर वडोदऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि वयस्कर माणसाला उष्माघात 'ड'च्या कमतरतेपेक्षा लवकर गाठतो. म्हणून हिवाळ्यात अकरा ते दोनच्या दरम्यान आणि उन्हाळ्यात साडेनऊ-दहाच्या सुमाराला, हात, पाय आणि मान उघडी ठेवून अर्धा तास, असा व्यवहारी तोडगा उरतो. सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य किरण गाळते, त्यामुळे गोऱ्या त्वचेसाठी युरोपीय पुस्तकांत दिलेली दहा मिनिटे आपल्याला पुरत नाहीत. वय वाढते तशी त्वचेची ही क्षमताही घटते. हवेतली धूळ आणि धूर हा आणखी एक पडदा. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एका अभ्यासात प्रदूषित वस्तीतल्या लहान मुलांची सरासरी 12 च्या आसपास, तर तुलनेने स्वच्छ हवेतल्या मुलांची 27 निघाली होती.

अन्नातून ही तूट भरून निघत नाही. 'ड' जीवनसत्त्व मुख्यतः तेलकट माशांत असते. बांगडा आणि तारली त्या बाबतीत उत्तम. वडोदऱ्यातल्या मासे खाणाऱ्या मराठी घरांना एवढा एक लाभ आहे, पण तेलकट मासा रोज ताटात असलेली घरे विरळाच. अंड्याच्या पिवळ्या बलकात थोडे असते. दुधात आणि तुपात नैसर्गिकरीत्या फारच थोडे. वरण-भात, पोळी, भाजी, ताक या सोज्वळ जेवणात ते जवळपास नाहीच. त्यात कॅल्शियमही कमी पडत असेल, तर शरीर असलेला 'ड'चा साठा अधिक वेगाने संपवते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये प्रौढांसाठी रोजची गरज 600 आंतरराष्ट्रीय एकके आणि साठीनंतर 800 एकके धरली आहे. पिशवीतल्या काही दुधांत आणि खाद्यतेलांत आता हे जीवनसत्त्व घातलेले असते. अशा पिशवीवर निळे 'प्लस एफ' चिन्ह छापलेले असते. ते पाहून घेण्याची सवय फायद्याची आहे.

आता पुन्हा छातीच्या आजाराकडे. कमतरता आणि श्वसनसंसर्ग यांचा सर्वांत उघड संबंध मुडदुसातच दिसतो. फासळ्या मऊ असल्या की श्वास घेताना छातीचा पिंजरा आत ओढला जातो, खोकल्याला जोर येत नाही, कफ साचतो आणि साध्या सर्दीचा न्यूमोनिया होतो. इथिओपियातल्या 1997 च्या एका अभ्यासात न्यूमोनिया झालेल्या मुलांत मुडदुसाचे प्रमाण निरोगी मुलांच्या कितीतरी पट निघाले. शक्यता तेरा पटींची होती. इथे कारण आणि परिणाम यांची साखळी डोळ्यांना दिसते. मुडदूस नसलेल्या, पण रक्तातला आकडा कमी असलेल्या मुलांचे काय, हा त्यापुढचा अवघड प्रश्न.

त्याचा एक धागा इंदूरला सापडतो. वडोदरा गायकवाडांचे तसे इंदूर होळकरांचे. मराठी वस्ती तिथेही जुनी. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात पाच वर्षांखालची 150 मुले होती. 80 मुलांना श्वसनमार्गाच्या खालच्या भागाचा तीव्र संसर्ग झाला होता आणि 70 मुले तुलनेसाठी घेतली होती. ज्यांच्या रक्तात 'ड' अगदी कमी होते त्यांना असा संसर्ग होण्याची शक्यता अधिक आढळली. आणखी एक गोष्ट बरोबरीने दिसली: पहिले चार महिने केवळ आईच्या दुधावर असलेल्या मुलांना आजार कमी झाला होता. म्हणजे घरची परिस्थिती, आहार आणि संगोपन हेही त्या चित्रात होते.

इंदूरच्या निष्कर्षावरून सुचणारी पुढची पायरी साधी: आजारी मुलांना 'ड' द्या आणि पाहा. दिल्लीच्या डॉक्टरांनी तेच केले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र न्यूमोनियाच्या 200 मुलांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत पाच दिवस 'ड' जीवनसत्त्व दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी पुडी. कोणाला काय द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हते. दोन्ही गट सारख्याच वेगाने बरे झाले. 2016 मध्ये 324 मुलांपैकी निम्म्यांना एक लाख एककांची एकच मात्रा देऊन पुन्हा पाहिले. पुढच्या सहा महिन्यांत न्यूमोनिया पुन्हा होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. अफगाणिस्तानात काबूलला तीन हजारांवर तान्ह्या बाळांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी एक लाख एकके देऊनही न्यूमोनिया कमी झाला नव्हता.

मग इंदूरला दिसलेला संबंध खोटा होता का? नाही. संबंध खरा असू शकतो आणि तरीही उपचाराचा आधार ठरू शकत नाही. याची एक चांगली उकल स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या डॉक्टरांनी केली. ठरवून गुडघ्याची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णांचे रक्त त्यांनी आधी आणि नंतर तपासले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेने शरीरात दाह उसळला आणि एक-दोन दिवसांतच 'ड'चा आकडा सुमारे 40 टक्क्यांनी खाली आला. त्या दोन दिवसांत कोणाचे ऊन कमी झाले नव्हते की आहार बदलला नव्हता. रक्तात 'ड'ला वाहून नेणारे प्रथिन दाहात घटते, सलाइनने रक्त पातळ होते, आणि मोजलेला आकडा पडतो. तापाने फणफणलेल्या, ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णाचेही हेच होते. जितका दाह मोठा तितका आकडा खाली. म्हणून गंभीर रुग्णांत 'ड' कमी असणे हे बरेचसे आजाराच्या गंभीरपणाचेच मोजमाप असते.

शिवाय तिसरे कारण असते. लठ्ठपणात 'ड' चरबीत अडकून रक्तात कमी दिसते, आणि लठ्ठ माणसाला फ्लू व कोव्हिड दोन्ही जास्त त्रास देतात. वृद्ध माणूस घराबाहेर कमी पडतो आणि त्याची फुप्फुसेही दुबळी असतात. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, दीर्घ अंथरूण या प्रत्येकाने एकीकडे 'ड' घटते आणि दुसरीकडे संसर्ग धोक्याचा होतो. या गुंत्यातून 'ड'ला वेगळे काढण्यासाठी आनुवंशिकतेचा आधार घेऊनही अभ्यास झाले. जन्मतःच ज्यांचे जनुक 'ड' थोडे कमी ठेवतात, अशांना कोव्हिड जास्त झाला का हे तपासले गेले. तसे ठळकपणे दिसले नाही.

ऋतूंचा पुरावाही वाटतो तितका भक्कम नाही. युरोपात फ्लू हिवाळ्यात येतो आणि 'ड'ही तेव्हाच तळाला जाते, म्हणून एकाचे कारण दुसरे असावे, ही कल्पना एकेकाळी फार आवडली होती. पुण्यात मात्र फ्लू पावसाळ्यात उसळतो आणि काही वर्षी हिवाळ्यातही. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन कमी होते, इतपत जुळणी इथेही करता येईल. पण पावसाळ्यात माणसे बंद खोल्यांत दाटीने बसतात, हवा दमट असते, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. यांतल्या कोणत्या गोष्टीला श्रेय द्यायचे?

प्रतिबंधाचा प्रश्न वेगळा, आणि इथे 'ड'च्या बाजूने थोडा पुरावा आहे. जपानमध्ये 334 शाळकरी मुलांपैकी निम्म्यांना एका हिवाळ्यात रोज 1200 एकके दिली तेव्हा 'अ' प्रकारचा फ्लू 10.8 टक्क्यांना झाला, न दिलेल्या गटात 18.6 टक्क्यांना. मंगोलियाची राजधानी उलानबातरमध्ये मुलांचा सरासरी आकडा 7 होता. त्यांना रोज 300 एककांचे दूध दिल्यावर सर्दी-खोकल्याचे प्रसंग निम्मे झाले. उलट न्यूझीलंडमध्ये निरोगी प्रौढांना दर महिन्याला एक लाख एकके देऊनही काही फरक पडला नाही. 2017 मध्ये 25 चाचण्यांतल्या जवळपास 11 हजार लोकांची मूळ माहिती एकत्र करून पाहण्यात आली तेव्हा एक नेमके चित्र दिसले. ज्यांचा आकडा 10 च्या खाली होता आणि ज्यांनी रोज किंवा आठवड्याला छोटी मात्रा घेतली, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. महिन्याची किंवा तिमाहीची मोठी मात्रा एकदम घेणाऱ्यांना झाला नाही. पुढे नव्या चाचण्यांची भर पडत गेली तसा हा फायदा विरळ होत गेला. 2025 मध्ये 46 चाचण्या आणि 64 हजारांवर लोक हिशेबात घेतल्यावर एकूण फायदा इतका छोटा उरला की तो योगायोगही असू शकेल. मंगोलियातल्या मुलांसारख्या अगदी रित्या माणसाला भर घालून लाभ होतो आणि भरलेल्याला होत नाही, हा या सगळ्यातला सर्वांत पटणारा अर्थ.

कोव्हिडच्या काळात मात्र एवढा विचार करायला कोणाला सवड नव्हती. मार्च 2020 मध्ये साथ वडोदऱ्यात पोहोचली. एप्रिलमध्ये जुन्या शहरातला नागरवाडा भाग बाधितांच्या संख्येमुळे बंद करण्यात आला, सयाजीराव रुग्णालय आणि गोत्रीचे रुग्णालय कोव्हिडसाठी राखले गेले. टाळेबंदीत माणसे महिनोन्महिने घरात राहिली. म्हणजे नाशिकच्या पडद्याचीच दुसरी आवृत्ती झाली. जस्त, 'क' आणि 'ड' या त्रिकुटाच्या गोळ्या आणि साठ हजार एककांची 'ड'ची पुडी औषधाच्या दुकानांतून देशभर घराघरांत गेली. डॉक्टरांनी लिहून दिली त्यांनी घेतली, आणि नाही दिली त्यांनीही घेतली.

त्या वेळी आशा वाटावी असे काही हाती होते. चंदीगडच्या पीजीआयमध्ये 40 सौम्य किंवा लक्षणविरहित रुग्णांच्या चाचणीत साठ हजार एकके रोज घेणाऱ्यांची तपासणी लवकर निगेटिव्ह आली. स्पेनमधल्या कोर्दोबात 'ड'च्या यकृतातल्या रूपाची गोळी घेणाऱ्या 50 जणांपैकी एकालाच अतिदक्षता विभागात न्यावे लागले. या दोन्ही चाचण्या छोट्या होत्या आणि कोर्दोबाच्या चाचणीत डॉक्टरांना व रुग्णांना काय दिले जाते आहे हे ठाऊक होते. मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांत हा परिणाम टिकला नाही. ब्राझीलमध्ये दाखल झालेल्या 240 रुग्णांपैकी निम्म्यांना एकदम दोन लाख एकके दिली. रुग्णालयातला मुक्काम दोन्ही गटांत सरासरी सात दिवसच राहिला. ब्रिटनमध्ये 6200 प्रौढांच्या चाचणीत 'ड' कमी असणाऱ्यांना सहा महिने गोळ्या देऊनही कोव्हिड किंवा इतर श्वसनसंसर्ग घटले नाहीत. नॉर्वेमध्ये 34 हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांनी एका हिवाळ्यात रोज चमचाभर कॉड माशाचे तेल घेतले. तिथेही फरक नाही. कोव्हिडमध्ये जीव वाचवण्याचे काम ऑक्सिजनने, योग्य वेळी दिलेल्या स्टेरॉइडने आणि लशीने केले. 'ड' जीवनसत्त्वाला त्यात मोठा वाटा देता येत नाही.

याचा अर्थ कमतरता दुर्लक्षावी असा नाही. ती हाडांसाठी आणि स्नायूंसाठी भरून काढायलाच हवी, मग श्वसनाचा आजार असो वा नसो. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागणे, जिना चढताना मांड्या भरून येणे, पाठ, कंबर आणि नडगीची हाडे दाबली की दुखणे ही प्रौढांतल्या खऱ्या कमतरतेची लक्षणे. अंथरुणाला खिळलेले, घराबाहेर न पडणारे वृद्ध, पूर्ण अंग झाकून वावरणाऱ्या स्त्रिया, यकृताचे, मूत्रपिंडाचे किंवा आतड्याचे जुने रुग्ण, आणि फेफऱ्याची, क्षयाची किंवा स्टेरॉइडची औषधे दीर्घकाळ घेणारे यांची तपासणी योग्य ठरते. आईच्या दुधात 'ड' फार कमी असल्यामुळे तान्ह्या बाळाला पहिले वर्षभर रोज 400 एककांचे थेंब द्यावेत असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. कोवळ्या उन्हावर भिस्त ठेवून हे थेंब चुकवू नयेत.

तपासणी करायचीच असेल तर ती तापाच्या खाटेवर न करता बरे झाल्यावर महिना-दोन महिन्यांनी केली तर आकडा खरा येतो. आजारपणात केलेल्या चाचणीत 14 आला म्हणून घाबरून दुसऱ्याच दिवशी लाखांच्या मात्रा घेण्याचे कारण नाही. प्रौढातली कमतरता भरून काढण्यासाठी डॉक्टर सहसा आठवड्याला एक, अशा साठ हजारांच्या आठ मात्रा देतात आणि नंतर रोजची छोटी किंवा महिन्याची देखभालीची मात्रा ठेवतात. 'आठवड्याला एक' हे तोंडी सांगितलेले दोन शब्द घरी पोहोचेपर्यंत 'रोज एक' होतात आणि तिथे अनर्थ घडतो. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळून लघवीवाटे जात नाही, चरबीत साठते. साठा जास्त झाला की रक्तातले कॅल्शियम चढते. मग मळमळ, न शमणारी तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, गोंधळलेपणा सुरू होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जास्त म्हणजे चांगले हे हाडांच्या बाबतीतही खरे नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख एकके दिल्यावर त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी न होता वाढले होते.

सर्दी-खोकल्याच्या आजारात धाप लागणे, ओठ निळसर दिसणे, ताप तीन-चार दिवसांनीही न उतरणे किंवा मूल दूध घ्यायचे थांबणे ही डॉक्टरकडे धावण्याची कारणे आहेत. तिथे 'ड'ची पुडी हा पर्याय नाही. फ्लूची लस वृद्धांना आणि मधुमेह, दमा असलेल्यांना दरवर्षी घेता येते आणि तिचा उपयोग सिद्ध आहे. घरात साठ हजारांच्या उरलेल्या पुड्या असतील तर त्या शेजाऱ्यांना वाटू नयेत. ज्याला मुतखडा आहे किंवा ज्याचे कॅल्शियम आधीच वर आहे, त्याला तीच पुडी रुग्णालयात पोहोचवू शकते.